मास्तरीणबाईंची नजर

मेलेल्या माणसाचे डोळे फोटोत उघडायचं काम मी का सोडलं, ऐका. बदनापुरात माझं कॉम्प्युटर डिझाइनचं दुकान नवं होतं. एक म्हातारे मास्तर बायकोचा फोटो घेऊन आल्ते. बाई वारल्यावर काढलेला. जिवंतपणी कुणी काढलाच नव्हता. भिंतीवर लावायचा तर डोळे उघडे पाहिजेत.

मी विचारलं, "मास्तर, बाईंचे डोळे काळे होते का घारे?"

मास्तरांनी फोटो परत हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मंग म्हणले, "काळेच असतील."

बत्तीस वर्षांचा संसार केल्ता माणसानं!

दोन दिवस मी माऊसनं डोळे रंगवले. मास्तर आले तव्हा बाई स्क्रीनवरून सरळ त्यांच्याकडं बघून राह्यल्या होत्या. मास्तर दचकलेच.

"न्हाई हो. माझ्याकडं अशी ती कधी बघतच नव्हती. नजर जरा खाली करा."

केली.

"अजून खाली."

केली.

"अजून."

शेवटी वैतागून मी माझं सगळं काम पुसून टाकलं. स्क्रीनवर पहिला फोटो परत आला, डोळे मिटलेला.

मास्तर खुर्ची पुढं ओढून म्हणले, "हां. आता बराबर तीच."