निळा थर

टोलेडोतल्या घरगुती यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात लव्हर्नबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे म्हातारे ऑर्विल काउंटरवरच्या टीनाशी हुज्जत घालत होते.

"पोरी, कपडे वाळवायच्या गॅसच्या ड्रायरची कॉइल दे. ज्योत पेटते नि लगेच विझते. टॉवेल ओलेच."

"आजोबा, जाळीवर साठलेली कपड्यांची लव काढलीत?"

"मला शिकवू नकोस. कॉइल दे."

"म्हणजे नाही काढलीत! अहो, हवा कोंडली की ड्रायर फार तापतो, म्हणून ज्योत विझते. एखाद्या दिवशी घर पेटेल."

"काढायला गेलो होतो गं."

"मग?"

"माझ्या कपड्यांच्या लवेखाली निळा थर आहे. माझ्या बायकोच्या, मॅव्हिसच्या झग्याचा. जायच्या आधी तिनंच वाळवला होता."

टीनानं फळीवरून एक जाळी उतरवली.

"कॉइल राहू द्या. ही नवी जाळी बसवा. जुनी आहे तशीच अलगद काढून कपाटात ठेवा."

"चालेल तसं?"

"न चालायला काय झालं?"

"मॅव्हिस हसली असती. म्हणाली असती, म्हातारा कचरा जपतोय."

"हसू द्या की. बाई, तुम्हाला काय हवंय?"

"माझं राहू दे," लव्हर्नबाई म्हणाल्या. "आधी त्यांना एक खोका दे. जुनी जाळी आडवी मावेल असा."