शनिवारची मजुरी

दक्षिणेतल्या एका इस्पितळात व्यायामाच्या खोलीत नवरा गेला होता आणि कावेरीबाई बाहेरच्या बाकावर स्वेटर विणत बसल्या होत्या. शेजारच्या बहीण-भावाचं मराठी कानावर पडलं, तशा त्यांच्या सुया थांबल्या. त्या दोघांच्या समोर, चाकाच्या खुर्चीत, उजवं अंग लुळं पडलेला त्यांचा बाप होता.

"गिरिजा, तू फॅक्टरी सोड. अप्पांजवळ दिवसभर माणूस हवं."

"तू सोड की अण्णा."

"माझ्या पगारावर घर चालतंय. तुझे महिन्याचे बाराशेच."

"मग आया ठेव."

"ती पंधराशे मागते. वर औषधं, रोजची ऑटो. कुठून आणू?"

"सरी, बरं, सोडते. मला किती देशील?"

"तुला? घरच्या माणसाला कोण मजुरी देतं ग?"

"अप्पा द्यायचे. आई त्यांच्या शिवणाच्या दुकानातल्या शर्टांची काज-बटणं करायची. दर शनिवारी कारागिरांच्या रांगेत तिलाही उभं करून हातावर पैसे ठेवायचे."

"हळू बोल! त्यांना सगळं कळतं."

"कळू दे."

कावेरीबाईंनी मान वर केली. म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याचा डावा हात मात्र मांडीवरून हळूहळू वर सरकला आणि शर्टाचा रिकामा खिसा चाचपू लागला.