पाळण्यात पहिला पाय

हसू नका हो, जळतंय माझं! आमच्या गावात सगळं जगात पहिलं, आणि रोपवेच्या पाळण्यात पहिलं बसायला माणूस मिळेना! धरती सपाट होती तेव्हा तिच्यातून पहिला डोंगर उगवला तो आमचा अल्बुर्ज, पहिल्या राजानं पहिला मुलूख जिंकला तो याच खिंडीतून उतरून... हे मी नाही म्हणत, आमचे सरपंच हशमत आगा! रोपवेच्या उद्घाटनाला, भर उन्हात, आमचे पाय मोडेस्तोवर! मला कुठला राजा न् कुठलं काय, माझा सगळा जीव तारेवरच्या त्या एकुलत्या एक पाळण्यात. वर माझं माहेर ना! धाकटा भाऊ, त्याचं कुरण, त्याच्या हातचा चहा... गुडघे गेले तेव्हापासून नुसती खालून मान वर करून बघतेय. तुम्हाला सांगते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भावासाठी अक्रोडांची पुरचुंडी बांधली न् सकाळीच पाळण्यापाशी हजर.

पाळण्याचं दार उघडलं आणि झालं सुरू... आधी तुम्ही! छे छे, आधी तुम्ही!

हशमत आगा मुल्लासाहेबांना, मुल्लासाहेब इंजिनिअरला, इंजिनिअर छातीवर हात ठेवून, 'माझी काय बिशाद!' शेवटी वळले सगळे माझ्याकडं. 'गुलअंदाम खानम, जीव ओवाळून टाकतो तुमच्यावरून, आधी तुम्ही!'

चढायचं की नाही मी? पण आमच्यात पहिल्या बोलावण्याला उठली ती हावरट, दुसऱ्याला उठली ती अधाशी. उठायचं तिसऱ्याला! म्हटलं, 'छे छे, आधी तुम्ही.'

'माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून चढा, खानम!'

'तुमची सावली आमच्यावर राहो, आगा, आधी तुम्ही!'

झाली की दोन! पाय उचललेला माझा, तिसरं बोलावणं त्यांच्या ओठांवर... आणि कुर्बानीला आणलेला मेंढा! खाटकानं सुरीला धार लावायला दोर सोडला, मेंढ्यानं माझ्या हातातली पुरचुंडी हिसकावली न् थेट पाळण्यात! त्याला कोण शिकवणार आधी तुम्ही? दार खट्कन बंद, पाळणा वर, आणि काचेतून बघतोय माझ्याकडं, माझे अक्रोड चावत! वर पोचला तो उतरून कुरणात पसार, आणि इकडं रोपवेची मोटार जळली.

माझी जाऊ तूबा, ती गप्प बसेल? 'जाऊबाई, तुमच्या माहेरी तुमच्याआधी पाहुणा पोचला हो! आणि भेटही घेऊन!'

आज मोटार दुरुस्त झाली न् पाळणा खाली आला. ठरवूनच गेले, आज लाजबीज काही नाही, पहिल्याच बोलावण्याला चढायचं! दारात आम्ही दोघीच. घंटा वाजली. तूबा एवढीशी बाजूला सरली न् म्हणते, 'आधी तुम्ही, जाऊबाई.'

आणि माझी ही जीभ... जळो मेली... 'छे छे, आधी तू!'

ती, आधी तुम्ही. मी, आधी तू. ती, तुम्ही. मी, तू... खट्!

आत्ताच भावाचा फोन आला. 'ताई, पाळणा आला. मी न् मेंढा दोघंही दारात उभे आहोत... तू कुठंयस?'