टाचणी टोचली तेव्हा

माझं माहेर चिकोडीच्या अंगाला. पोटासाठी आई-बा निपाणीला आले, बा तंबाखूच्या वखारीत हमाल आणि आई विड्या वळायची, तिच्याजवळ बसून मीबी शिकले. लगीन झालं तेबी निपाणीतच, सूप घेऊन एका घरातनं दुसऱ्या घरात आले म्हणा की. डावा पाय मुडपून अंगाखाली घ्यायचा, मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि दिवे लागंस्तवर तसंच बसायचं. आई तशी बसायची, म्हणून मी तशी.

मालक लवकर गेले. शोभी एकटी लेक. तिचं लगीन बेळगावाकडं ठरलं, पोरगा तिथल्या मच्छे गावात कारखान्यात होता. त्याच सुमाराला माझा डावा पाय घासायला लागला, पाऊल वर उचलायचंच न्हाय. रस्त्यात चप्पल गळून पडायची नि मला पत्ता नसायचा, मागनं कुणीतरी हाक मारायचं, आक्का, चप्पल ऱ्हायली गं. विड्या द्यायला गेलं की बायका हसायच्या, पाय ओढत लाजत चाललीस, लगीन लेकीचं हाय का तुझं गं? मीबी हसायची. पण एक दिवस पावलावर चुलीतला निखारा पडला आणि मला ते वासानं कळलं. तवापासनं हसू गेलं. न कळणारी कातडी म्हंजे महारोग, हे आमच्याकडं ल्हान पोरालाबी ठावं. ह्यो शब्द मी कुणापाशी काढला न्हाय. लगीन मोडलं असतं.

अण्णा, माझा थोरला भाऊ, त्यानं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले डोळे मिटा, टाचणी लागली की व्हय म्हणा. मी डोळे किलकिले ठेवले. टाचणी टेकली की व्हय. परत टेकली, परत व्हय. काय सांगू तुम्हाला, एकबी लागली न्हवती. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा हाय, ताकदीची औषधं घ्या.

मनात मात्र मी धरलंच होतं, त्योच रोग हाय. ताट-तांब्या गुपचूप वेगळा केला. आणि तसंच लपवून लेक दुसऱ्याच्या घरात दिली. पाठवणीला शोभी गळ्यात पडायला आली तर मी मागं सरले, म्हटलं जा, गाडी खोळंबलीया. बायका म्हणाल्या, काय दगड बाई. शोभीनंबी तेच धरलं असंल. तिला बाळ झालं, तेबी मी लांबनंच बघितलं.

पाय पार लुळा पडला तवा अण्णानं पुण्याला नेलं. तिथं मशिनीवर शिरा तपासतात म्हणे. पायाला पट्ट्या चिकटवल्या, त्यो माणूस म्हणाला, मावशी, जरा करंट बसंल. म्हटलं, बाबा, चोरी काय केलीया मी? त्यो हसला आणि झटका दिला. उजवं पाऊल टुणकन उडालं. डावं तसंच पडून. मग पोटरीत सुई घातली, मशीन खरखरली. लागतंय का म्हणून मला कुणी इचारलंच न्हाय, पायाचं पायालाच इचारलं. मग मीच आपणहून तिथल्या डॉक्टरीणबाईंना टाचणीचं सांगितलं. त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोट टेकवलं. शीर हितं चेपलीया, विड्या वळताना बसता कशा? मी खाली बसून दाखवलं. उठा, उठा, म्हणाल्या, हेच कारण. मी इचारलं, महारोग न्हवं? त्या म्हणाल्या, न्हवं. तवाच खरं सांगून बसणं बदललं असतं तर पाय सुधारला असता, आता पुरता यायचा न्हाय.

अण्णा रडला. मी न्हाय. इतकी वर्सं लेकीला शिवले न्हवते ते कशापायी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तरीबी शोभीला सांगायला तोंड उघडंना. गेल्या दिवाळीला ती आली, तवा सांगितलं, टाचणीपासनं पाठवणीपर्यंत सगळं. तिनं माझा डावा पाय मांडीवर घेतला नि पाऊल दाबाय लागली. आई, कळतंय का गं?

म्हटलं, न्हाय बाळ. कळत न्हाय. पण दाब तू.