माशांचा उपास

तुमच्या माशांचं राहू द्या, आमच्या देवासच्या आत्याचं ऐका. राजवाड्यातून भेट आलेले तिचे तांबडे मासे एकाएकी मलूल झाले, काचेच्या हंडीत वर येऊन तोंडं उघडू लागले. शेजारच्या वैद्यबुवांनी पाणी हुंगलं. "भिया, पानी में दाना सड गया. निम्मं पाणी बदला, अन् माशांना दोन दिवस उपास."

पाणी मी बदललं. सकाळी पाहतो तर ताकासारखं पांढरं!

"आत्या, त्यांना उपास सांगितला होता ना?"

"मग? उपासाचंच घातलं. साबुदाण्याची खिचडी."

मी कपाळाला हात लावला. "अगं, कडकडीत उपास! निर्जळी!"

आत्याने आधी हंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेल्या, मासे आहेत ते. पाण्यावाचून जगतील का?"