बैल वळायची जागा

आदिलाबादच्या बसस्टँडवर माझ्या पाठीमागच्या बाकावर बेला गावच्या मायलेकी हैदराबादच्या गाडीची वाट पाहत होत्या. लेक सॉफ्टवेअर शिकायला निघाली होती.

“अर्पिता, वहीत काय पाहून राह्यली?”

“प्रोग्रॅम लिहिला, माय. कंप्युटरवर वावर पेरल्या जाते. आठ ओळी पऱ्हाटीच्या, मंग एक तुरीची.”

“बैल वळाले जागा सोडली का?”

“त्यात बैल नाई ना. ओळ संपली का पेरणं आपोआप मांगं येते.”

“आपोआप?”

“मी तसं लिहिलं मनून. ‘परत ये’ असं लिहिलं नाई, तं ते पुढंच जात राह्यते.”

“कुठवर?”

“कुठवर बी. पडद्याच्या बाहेर, आपल्याले दिसत नाई तिथवर.”

“तिथं बी पेरत राह्यते?”

“हो.”

“कोणाचं वावर असन ते?”

“कोणाचंच नाई.”

“मंग लय मोठं असन. धुरा-बांध बी नसन त्याले.”

“नसन.”

“पाहाले पायजे होतं एकदा.”

“माय, गाडी लागली. थैली दे.”

“देतो. आंधी वहीतली ते ओळ दाखव मले.”

“कोणती?”

“परत ये मनते, ते.”