मागायच्या आधी

बाबांचं सिम बंद करायला मी विजय नगरच्या मोबाइलच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्या मागे एक आत्या आणि तिचा इंजिनियर भाचा.

"नचिकेत, तुझा रिसर्च आहे तरी काय?"

"सगळ्यांनी एकदम मोबाइलवर काही मागितलं की सिग्नल आपसात भिडतात, आत्या. म्हणून लोक काय मागतील ते टॉवरच्या मेमरीत आधीच भरून ठेवायचं. मग हवेत गर्दी कमी."

"मतलब, मागायच्या आधीच कळतं?"

"बहुतेक वेळा."

"वा भिया! गावी गौतमपुऱ्यात तुझे बाबा वर्षभर 'ये' म्हणतायत, ते नाही कळलं?"

"व्हिडिओ कॉल करतो ना."

काउंटरवाल्यानं मला विचारलं, "नंबर बंद का करायचाय?"

"बाबा गेले."

मागे नचिकेत आत्याकडे वळला.

"आत्या, गौतमपुऱ्याची बस किती वाजता आहे?"

"का? मेमरीत भरून नाही ठेवलं?"